शब्दकोडं सगळ्यात शेवटी: स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करायचा तर कामांचा क्रम कसा लावावा

ज्येष्ठ नागरिक संघात बोलायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, रोज किती सुडोकू सोडवायचे?" दुसरा प्रश्न ब्राह्मीचा, तिसरा अक्रोडांचा. बीपी किती असावं, कान कधी तपासावेत, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारणारे सत्तरीतले असतात आणि त्यांना गाडीवरून सोडायला आलेली पन्नाशीतली मुलं बाहेर मोबाइल बघत थांबलेली असतात. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टाळण्याचं बरंचसं काम खरं तर त्या बाहेर थांबलेल्यांच्या वयात करायचं असतं.

लोक मेहनत घेतात, पण क्रम उलटा लावतात. म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे: आधी काय, मग काय, कुठे थांबायचं आणि कुठे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

या क्रमाचा पाया मी ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्र-संशोधक कारिन अ‍ॅन्स्टी यांच्या कामातून घेतला आहे. कॅनबेरा आणि शेजारच्या क्वीनबियन इथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात विशीतल्या, चाळिशीतल्या आणि साठीतल्या लोकांचे तीन गट वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासले गेले. अ‍ॅन्स्टी यांनी धोका मोजण्यासाठी २०१३ मध्ये जी प्रश्नावली मांडली तिच्यात १५ बाबी आहेत: ११ धोका वाढवणाऱ्या, ४ कमी करणाऱ्या. आपल्याला त्यातून दोन गोष्टी उचलायच्या आहेत. एक, काही करण्याआधी हिशेब मांडायचा. दोन, हा हिशेब वयाप्रमाणे बदलतो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्यासारखी १४ कारणं मोजली आहेत. ती सगळी दूर झाली तर डिमेन्शियाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबणीवर पडू शकतील, असा अंदाज त्यात आहे. हा आकडा संपूर्ण लोकसंख्येचा आहे. "मी सगळं केलं तर माझा धोका ४५ टक्के कमी" असा त्याचा अर्थ लावू नका. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नसतात, आणि सगळं नीट करणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. ज्यांच्या घरी तो आला आहे त्यांनी स्वतःला किंवा रुग्णाला दोष देऊ नये.

## तयारी: एक वही, एक पिशवी, एक रविवार

शंभर पानी वही घ्या. मोबाइलमधली नोंद चालेल, पण डॉक्टरांसमोर उघडायला वहीच बरी पडते.

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. सगळी म्हणजे सगळी: बीपीच्या गोळ्या, उशीखालची झोपेची गोळी, सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी, वैद्यांचं चूर्ण, कुणीतरी दिलेलं टॉनिक. गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. दंडावर पट्टा बांधायचं बीपीचं मशीन लागेल. मनगटावरचं नको, त्यात हाताची जागा जरा चुकली तरी आकडा बदलतो. कंबर मोजायला शिंप्याची टेप पुरे.

घरात चाळिशीपुढची जितकी माणसं, तितकी पानं करा. फक्त आईचं किंवा वडिलांचं पान केलंत तर अर्धं काम तिथेच राहिलं.

## टप्पा १: हे काम टाळण्याचं आहे की तपासणीचं, ते आधी ठरवा

प्रतिबंधाचे उपाय सुरू करायच्या घाईत लोक आजाराची तपासणीच लांबवतात, म्हणून हा टप्पा पहिला.

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, शेजाऱ्याचं नाव अडणं आणि थोड्या वेळाने आठवणं, हे वयाबरोबर होतं. पण पुढच्यापैकी काही गेल्या काही महिन्यांत नव्याने सुरू झालं असेल आणि वाढत असेल, तर आधी डॉक्टर:

- तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणं
- रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं
- आयुष्यभर चोख व्यवहार केलेल्या माणसाचा पैशांचा हिशेब चुकू लागणं
- नेहमीचा स्वयंपाक मध्येच अडणं, कृतीचा क्रम हरवणं
- स्वभावात ठळक फरक: संशय, गप्प होणं, अंघोळीची टाळाटाळ

डॉक्टरांना "आई विसरते" एवढंच सांगू नका. त्यातून त्यांना काहीच कळत नाही. वहीत तारखेसह तीन प्रसंग लिहा: "१२ तारखेला दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. १९ तारखेला बहिणीच्या घरून परतताना आपला स्टॉप ओळखला नाही." एवढ्यावर डॉक्टर पुढचे प्रश्न नेमके विचारू शकतात.

आधी वगळायची कारणं. बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ही खूप दिसते), थायरॉईड, नैराश्य आणि औषधं. झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणाऱ्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या यांनी वयस्कर माणूस गोंधळू शकतो. ती पिशवी यासाठीच भरायची. मात्र कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. झोपेच्या गोळ्या अचानक थांबवणंही धोक्याचं असतं.

सावधान: माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलू लागला, तर ते वयाचं विसरणं नव्हे. जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, पक्षाघात, औषधाचा परिणाम, काहीही असू शकतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

हे करू नका: जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर "सांग बघू, आज वार कोणता? हा कोण ओळख?" अशी परीक्षा घेऊ नका. त्यातून निदान होत नाही, माणूस मात्र दुखावतो आणि पुढच्या तपासणीला यायला नकार देतो.

## टप्पा २: वहीत हिशेब मांडा, वय बघून

प्रत्येकाच्या पानावर दोन रकाने करा. डावीकडे धोका वाढवणाऱ्या गोष्टी: बीपी, मधुमेह, एलडीएल (म्हणजे वाईट) कोलेस्टेरॉल, वजन, धूम्रपान, दारू, कानाला कमी ऐकू येणं, दृष्टीचा उपचार न केलेला दोष, डोक्याला कधी झालेली मोठी इजा, नैराश्य, हालचालीचा अभाव, एकटेपणा, धुरातलं काम. उजवीकडे जमेच्या बाजू: शिक्षण, चालणं-फिरणं, लोकांत मिसळणं, डोक्याला चालना देणारं काम, आहारात मासे.

अ‍ॅन्स्टी यांच्या प्रश्नावलीतली एक बाब आपल्याकडे सहसा कुणी विचारत नाही: कीटकनाशकांशी संबंध. घरात फवारणी करणारं कुणी असेल तर ते लिहा, आणि मास्क, हातमोजे, फवारणीनंतर अंघोळ आणि कपडे वेगळे धुणं हे पुढच्या हंगामापासून नियम म्हणून लागू करा.

आता वयाची भानगड. वजन जास्त असणं आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं असणं, यांचा डिमेन्शियाशी संबंध मध्यमवयात दिसतो. उतारवयात चित्र बदलतं. पंचाहत्तरीच्या माणसाचं वजन विनाकारण उतरू लागलं तर ती कौतुकाची गोष्ट नाही, ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे ७८ वर्षांच्या आजींचा भात बंद केला होता आणि ४८ वर्षांच्या मुलाचं पोट कुणी मोजलंही नव्हतं.

तपासा: इंटरनेटवर धोक्याचा गुणांक काढून देणारी साधनं आहेत. ती प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतल्या आकडेवारीवर बेतलेली असल्याने आलेल्या अंकाने घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. त्यातली प्रश्नांची यादी वापरा. शिवाय गुणांक म्हणजे निदान नव्हे.

## टप्पा ३: बीपी, पण नीट मोजून

बीपी मोजताना होणाऱ्या चुका इतक्या सरसकट आहेत की ही रीत पानावर उतरवूनच घ्या:

1. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या.
2. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न घेता पाच मिनिटं शांत बसा.
3. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. हात टेबलावर टेकलेला. ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून नाही.
4. मोजताना बोलायचं नाही. टीव्ही बंद.
5. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा.
6. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा.

घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मेंदूच्या दृष्टीने चाळिशीपासून वरचा आकडा १३० च्या आत ठेवावा, असं लॅन्सेट आयोग सुचवतो. अमेरिकेतल्या स्प्रिंट अभ्यासाच्या २०१९ मधल्या निष्कर्षांत, ज्यांचं बीपी जास्त काटेकोरपणे खाली ठेवलं त्यांच्यात सौम्य बोधनऱ्हासाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळलं. सौम्य बोधनऱ्हास म्हणजे स्मरण-विचारशक्तीची थोडी घसरण, डिमेन्शियाच्या अलीकडची पायरी.

सावधान: उभं राहिल्यावर गरगरत असेल, वय ऐंशीच्या आसपास असेल, तर आकडा खाली आणण्याच्या मागे लागू नका. पडून डोक्याला मार बसला तर केलेलं सगळं वाया. किती खाली आणायचं ते डॉक्टर ठरवतील.

नेहमीची चूक: बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणं. ते नॉर्मल आलेलं असतं गोळीमुळेच.

## टप्पा ४: कान. इथे थांबा, घाई करू नका

लॅन्सेटच्या यादीत श्रवणदोष आणि एलडीएल या दोघांचा वाटा सगळ्यात मोठा धरला आहे, प्रत्येकी ७ टक्के. एलडीएल रक्ताच्या रिपोर्टात ठळक छापून येतं. कानाचा रिपोर्ट मात्र कुणी काढतच नाही.

माझ्या आईच्या बाबतीत मी स्वतः इथे चुकले. "आई, गोळी घेतलीस?" विचारलं की ती म्हणायची, "हो, दोन खाल्ल्या." मी घाबरून पुन्हा विचारायचे, ती चिडायची. जवळपास दीड वर्ष आम्ही सगळे तिच्या स्मरणशक्तीबद्दल कुजबुजत होतो. तिला ऐकू येत होतं "पोळी". वयाबरोबर आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज, म्हणजे स, श, फ, त, प सारख्या व्यंजनांची धार. स्वर ऐकू येतात, त्यामुळे "मला सगळं ऐकू येतं" असं माणूस मनापासून सांगतो. मधलं अक्षर तो अंदाजाने भरतो आणि उत्तर भलतंच देतो. घरातले त्याला विसरणं म्हणतात.

पुढची चूकही आमचीच. कानाची चाचणी न करता एका दुकानातून यंत्र आणलं. त्याने सगळेच आवाज सारखे मोठे केले, ताटल्यांचा खणखणाट तिच्या डोक्यात घुमायचा. चार दिवसांत ते यंत्र देवघराच्या खणात गेलं.

योग्य क्रम असा आहे:

1. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. मळ किंवा जंतुसंसर्ग असेल तर तो आधी काढायचा. कित्येकांचं अर्धं काम इथेच होतं.
2. मग ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. बंद खोलीत हेडफोन लावून, दोन्ही कानांची वेगवेगळी. आलेख मागून घ्या, वहीत चिकटवा.
3. यंत्र लागणार असेल तर त्या आलेखाप्रमाणे जुळवून घ्या. दोन्ही कानांत दोष असेल तर सहसा दोन्हीकडे लागतं.
4. पहिला आठवडा रोज एक-दोन तास, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना. मग हळूहळू वेळ वाढवा. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी नको.
5. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जाऊन यंत्राची जुळणी दुरुस्त करून घ्या. ही फेरी बहुतेक जण टाळतात आणि यंत्र खणात जातं ते यामुळे.

नीट जुळवलेलं यंत्र घालून आई पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीत बसली होती. मी आत फोडणी टाकली. तिने मान वळवली आणि म्हणाली, "मोहरी तडतडली, गॅस बारीक कर." ती मोहरी तिने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

यंत्राने डिमेन्शिया टळतोच, असं मात्र कुणाला सांगू नका. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात बोधनशक्तीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावलेली दिसली.

यंत्रं महाग असतात. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोष असणाऱ्यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. ६५ वर्षांवरच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना साधनांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. तेवढ्यात चांगलं यंत्र येत नाही, पण चष्म्याचा खर्च निघू शकतो.

डोळे: मोतीबिंदू "पिकेपर्यंत" थांबायची पद्धत सोडा. दिसत नाही म्हणून वाचन सुटतं, पत्ते सुटतात, संध्याकाळचं बाहेर पडणं सुटतं.

## टप्पा ५: रक्त

एकाच फेरीत हे करून घ्या: एलडीएलसह लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, बी१२, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सोडियम. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच पुढे जा. शेजाऱ्यांना चालणारी कोलेस्टेरॉलची गोळी आपणही सुरू करायची नसते.

## टप्पा ६: चालणं, ताकद, आणि न पडणं

आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. "घरात दिवसभर कामच असतं" हे खरं असतं, पण त्या कामात दम लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, ही सुरुवात पुरेशी आहे.

डोक्याची इजा हाही यादीतला धोका आहे, म्हणून याच टप्प्यात बाथरूममध्ये पकडायला दांडी, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा आणि घसरणारी पायपुसणी बाद. दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी. बिडी-सिगारेट याच टप्प्यात सोडायची. एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांची मदत घ्या.

आहाराबद्दल थोडक्यात. मेंदूसाठी म्हणून खास बेतलेल्या "माइंड" आहाराची तीन वर्षांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तुलनेच्या गटापेक्षा त्यात लक्षणीय फायदा दिसला नाही. त्यामुळे अक्रोडांवर आणि पावडरींवर पैसे घालवू नका. पालेभाजी, उसळ, ज्वारीची भाकरी, खात असाल तर बांगडा-तारली कमी तेलात, आणि लोणचं-पापड-फरसाण कमी. हे बीपी आणि साखरेसाठी उपयोगी आहेच, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या काही वेगळ्या नसतात.

## टप्पा ७: मन आणि माणसं

दोन प्रश्न विचारा, एकांतात, चहा घेताना: गेल्या दोन आठवड्यांत बरेच दिवस उदास वाटलं का? कशातच रस वाटेनासा झाला का? उत्तर हो असेल तर डॉक्टरांकडे. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात हे आवर्जून विचारा. "आता वय झालं, असं होणारच" हे म्हणू नका. नैराश्यावर उपचार आहेत, सत्तरीतही.

एकटेपणाला औषध म्हणून आठवड्याचे ठरलेले दिवस लागतात. "कधीतरी ये" म्हणून कुणी येत नाही. मंगळवारचं भजन, गुरुवारी संघाची सभा, रविवारी नातवाशी व्हिडिओ कॉल: वार ठरला की माणूस तयार होऊन बसतो. आणि कानांचा टप्पा झालेला नसेल तर हा टप्पा फसतो. ज्याला ऐकू येत नाही तो भजनात जातो, कोपऱ्यात बसतो आणि तिसऱ्या आठवड्यापासून जात नाही.

## टप्पा ८: आता मेंदूचं काम

आता शब्दकोडं. रोजचं तेच कोडं वीस वर्षं सोडवणाऱ्याला त्यात कष्ट उरलेले नसतात. आवडत असेल तर सोडवा, पण त्याच्या जोडीला असं काही निवडा ज्यात तीन गोष्टी आहेत: नवं आहे, अवघड वाटतं, आणि दुसऱ्या माणसाबरोबर करावं लागतं.

मोडी लिपीचा वर्ग हे माझं आवडतं उदाहरण. ओळखीची भाषा, अनोळखी वळणं, शेजारी बसलेला सहाध्यायी आणि घरी आजोबांची जुनी कागदपत्रं वाचायची ओढ. तबला, शिवणातला नवा प्रकार, ब्रिज, नातीकडून पोहणं, काहीही चालेल. नवी भाषा तर उत्तमच. हैदराबादेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, त्यांचा निबंध २०१३ मध्ये आला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. लहानपणापासून बोललेल्या भाषेचा तो परिणाम असेल, साठीनंतर शिकलेल्या भाषेला तेवढंच श्रेय देता येत नाही. तरीही सोलापूर-कोल्हापूरकडे घरात मराठी आणि शेजारी कन्नड बोलणाऱ्यांनी नातवंडांशी दोन्ही भाषा बोलायला अजिबात कचरू नये.

नेहमीची चूक: पैसे भरून ॲप घेणं आणि त्यातले गुण वाढले म्हणून मेंदू सुधारला असं मानणं. ॲपमधले गुण वाढतात ते बहुतेक वेळा त्या ॲपचा सराव झाल्यामुळे.

## टप्पा ९: बारा आठवड्यांचं वेळापत्रक

सगळं सोमवारपासून एकदम सुरू केलं की तिसऱ्या सोमवारी सगळं एकदम बंद पडतं. अ‍ॅन्स्टी यांच्या गटाने पन्नाशीतल्या लोकांसाठी जो ऑनलाइन कार्यक्रम तपासला तोही १२ आठवड्यांचा होता आणि विषय एकेक करून समोर येत होते. आपल्या घरात तो असा बसतो:

- आठवडा १: वही, औषधांची पिशवी, सात दिवसांचं बीपी
- आठवडा २: रक्त तपासणी, डॉक्टरांची भेट, औषधांची छाननी
- आठवडा ३ ते ५: कान आणि डोळे. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून फोन पहिल्याच आठवड्यात करा
- आठवडा ४ पासून: रोज १० मिनिटं चालणं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढ
- आठवडा ६: बाथरूम, दिवे, हेल्मेट
- आठवडा ७ ते ८: एक ठरलेला वार, एक ठरलेली मंडळी
- आठवडा ९ पासून: नवं शिकणं, आठवड्यातून दोनदा
- आठवडा १२: पुन्हा सात दिवस बीपी, कंबर, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्ततपासण्या

एखादा आठवडा लग्नसराईत किंवा आजारपणात गेला तर पुढे उडी मारू नका, तिथूनच पुढे चला.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक पानाखाली दोन तारखा लिहा: सहा महिन्यांनंतरच्या बीपीच्या आठवड्याची आणि पुढच्या वर्षीच्या ऑडिओमेट्रीची. मग वही औषधांच्या डब्याशेजारी ठेवा, कपाटात नको.